गप्प बसलेले पाय

“मग? काय म्हंत्यात पाय?”

“काहीच म्हणत नाहीत, माई.”

“काहीच न्हाई?”

“चकार शब्द नाही.” अंकुश हसला. “कालपर्यंत नुसता आरडाओरडा चालला होता. आज सकाळी दोन फेऱ्या मारल्या आणि गप्प. जिंकलं मी त्यांना.”

माई उन्हातल्या दगडावर बसल्या होत्या. हातात चहाचा पेला होता. तो ओठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“दोन्ही गप्प?”

“आधी उजवा झाला. मग डावाही झाला.”

...

माईंनी चहा बर्फात ओतून टाकला.

बर्फात तेवढ्या जागी एक तांबूस भोक पडलं आणि त्यातून वाफ निघाली. शेजारी किटली घेऊन उभ्या असलेल्या गोदूमावशी ओरडल्या, “अगं, आत्ता तर दिला होता! आलं घालून केलेला चहा गं!”

माईंचं लक्ष नव्हतं. त्या अंकुशच्या बुटांकडे बघत होत्या.

अंकुशला वाटलं, माईंना आनंद झाला. इतका आनंद की हातातला चहासुद्धा नकोसा झाला. याच क्षणासाठी तर तो इतक्या लांब आला होता.

माई मूळच्या माणदेशातल्या. जिथं हंडाभर पाण्यासाठी बायका रानोमाळ हिंडतात, तिथली ही बाई उतारवयात हिमालयात येऊन राहिली होती. इथं पाणी दाराशी पांढरं होऊन पडलेलं असे. सोबतीला गावाकडची, एका गल्लीतली मैत्रीण गोदू. देवदारांच्या वरच्या अंगाला दगडामातीची एक कुटी. तिच्यात एक चूल, दोन घोंगड्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्कीच्या लांब पट्ट्या. माई त्यांना फळ्या म्हणायच्या.

फळ्या पायाला बांधून बर्फावरून कसं जायचं, ते त्यांना तिथल्या डोंगरी लोकांनी शिकवलं होतं. पण आता ते डोंगरी लोकच त्यांना बघायला थांबायचे. माई उतारावरून यायच्या तेव्हा आवाज व्हायचा नाही. आधी वर दिसायच्या, मग खाली दिसायच्या. मधे काय झालं, ते बघणाऱ्याला सांगता यायचं नाही.

त्यांच्याकडे माणसं यायची. माई कुणाला मंत्र देत नव्हत्या, पोथी सांगत नव्हत्या. फळ्यांवर उभं राहायला शिकवायच्या, एवढंच. आणि ज्याचे पाय तयार झाले असं त्यांना वाटे, त्याला घेऊन त्या समोरच्या खिंडीपलीकडे जायच्या.

खिंडीपलीकडे काय आहे, असं परत आलेल्यांना विचारलं की ते म्हणायचे, “काही नाही.”

असं म्हणायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे.

ते ‘काही नाही’ अंकुशला बघायचं होतं.

अंकुश जुन्नरकडचा. गडाच्या पायथ्याच्या वाडीत जन्मलेला, लोकांना गड दाखवायला नेणारा. आणि नेणार तो अनवाणी. भर उन्हात तापलेल्या कातळावर शहरातली पोरं बुटात पाय भाजतात म्हणून नाचायची, आणि हा त्यांच्यापुढे उघड्या पायांनी सावकाश चालायचा. पाहुण्यांना घरातले देव दाखवावेत तशी वाडीतली माणसं त्याची टाच दाखवायची. “अरे, जरा पाय वर कर. यांना बघू दे.”

त्याच्या घरात एक नियम होता. वडिलांनी घातलेला. पायात काटा मोडला तर गड उतरेपर्यंत पायाकडे बघायचं नाही. बघितलं की पाय लाडावतो.

अंकुशने कधी बघितलं नव्हतं.

म्हणून खालच्या बाजारात, बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात, पहिल्यांदा त्या जाड, कडक, प्लास्टिकच्या बुटात पाय घालताना त्याला हसूच आलं होतं. दुकानदाराने मापाचा बूट काढून दिला. अंकुशचे पाय अनवाणी चालून चालून पसरलेले. त्याला तो आवळ लागला. त्याने मोठा मागितला, आणि त्याहून मोठाही. शेवटी पाय आत ऐसपैस पसरला तेव्हा तो म्हणाला, “हा बरोबर.”

दुकानदार काहीतरी सांगत होता. अंकुशने ऐकलं नाही. पायाबद्दल त्याला कोण सांगणार?

कुटीसमोरच्या उतारावर उभं राहिल्याबरोबर बुटात टाच उचलायला लागली. फळी एकीकडे, पाय दुसरीकडे. मग त्याने आत लोकरीचे दोन मोजे घातले. तरी टाच उचलतच होती. मग त्याने बुटाची बकलं आवळली. एक एक दात पुढे, एक एक दात पुढे. शेवटच्या दाताला बकल जाईना तर वरून गुडघा दाबून बसवलं.

माईंनी त्याच दिवशी त्याच्या टाचेमागे बोट घालून बघितलं होतं.

“टाच घरात बसत न्हाई तुझी. बूट बदलून आण.”

“चालेल, माई.”

“दुखंल.”

“दुखू दे की.”

“अन् गुडघ्यात वाक, लेका. ताठ उभा राह्यलास की बोटं फुडं आपटत्यात. वाकलास की टाच मागं सरंल, बोटांना जागा हुईल.”

पण अंकुश आयुष्यभर बुरुजावर उभं राहून लोकांना खालचा मुलूख दाखवत आला होता. त्याला वाकून उभं राहणं जमेना. गोदूमावशी किटली हलवत म्हणायच्या, “ह्याला कुणीतरी सांगा गं, फोटूवाला गेला म्हनून!”

बूट बदलायला बाजारात जायचं तर दिवस मोडला असता. आभाळ निवळ होतं, पण निवळ किती राहील याचा भरवसा नव्हता. एकदा मोठं बर्फ पडलं की खिंड बंद. आणि दुकानदारासमोर जाऊन काय म्हणायचं? गडकऱ्याच्या पायाला बूट लागला?

तो गेला नाही.

मग पाय दुखायला लागले. घोट्याच्या हाडापाशी, पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या नखात. नखं काळीनिळी झाली. रात्री तो घोंगडीखाली मोजे काढायचा आणि न बघताच दुसरे घालायचा.

रोज सकाळी तो माईंच्या पायांवर डोकं टेकवी आणि रोज माई एकच विचारीत, “काय म्हंत्यात पाय?”

“रडतात, माई.”

“रडत्यात न्हवं? मग ठीक हाय. पर बूट बदल.”

यातलं पहिलं वाक्य त्याने धरून ठेवलं. रडतात ते ठीक आहे. म्हणजे सोसायचं. सोसत सोसत एक दिवस पलीकडे निघून जायचं. त्याने असल्या गोष्टी ऐकल्या होत्या, देह विसरलेल्या माणसांच्या. आणि आज ते झालं होतं. दुसऱ्या फेरीत, वळणावर, अचानक. कुणीतरी दार लावून घ्यावं तसं दुखणं बंद. किती हलकं वाटलं होतं! तो फळ्या सोडून धावतच माईंकडे आला होता. धावताना दोनदा पडला, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“तर मग, माई,” तो आता म्हणाला, “खिंडीकडे कधी जायचं? आभाळ आज स्वच्छ आहे.”

“बस.”

“हो, पण…”

“खाली बस, अंकुशा.”

माईंचा आवाज मोठा नव्हता. पण अंकुश बर्फात बसला.

माई त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या आणि बकलं उघडायला लागल्या. बर्फ जाऊन ती गच्च बसली होती. त्यांची बोटं सरकायची, पुन्हा धरायच्या. एक बकल उघडताना त्यांचं नख उलटलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

“माई, मी काढतो…”

“तू हात लावू नगंस. गोदे, ह्याला मागनं धर.”

गोदूमावशींनी किटली ठेवली, अंकुशच्या काखेत हात घातले आणि पाय रोवले. माईंनी बूट ओढला. येईना. पुन्हा ओढला. गोदूमावशी धापा टाकत म्हणाल्या, “काय गं बाई, एवढा मोठा बूट! पाय आत जाताना भोपळ्यात वाटाणा, अन् भाईर येताना…”

“गोदे, गप.”

गोदूमावशी गप्प झाल्या. माईंनी त्यांना असं गप्प केलेलं अंकुशने कधी ऐकलं नव्हतं. त्याला पहिल्यांदा कसंतरी झालं.

बूट निघाला. एक मोजा निघाला. तो ओला होता. दुसरा निघाला. तोही ओला.

मग अंकुशने त्याच्या घरात कुणी करत नव्हतं ते केलं. पायाकडे बघितलं.

पाय त्याचा वाटत नव्हता. मेणाच्या कांडीसारखा पिवळट पांढरा. वरच्या बाजूला बकलांचे वळ इतके खोल की त्यात बोट बसावं. पाचही बोटं एकमेकांना चिकटून, जणू एकमेकांच्या आड लपून बसलेली.

“डोळं झाक,” माई म्हणाल्या.

त्याने मिटले.

“सांग बघू. कुठलं बोट धरलंय म्या?”

अंकुश थांबला. वाट बघितली. वारा देवदारांतून गेला. लांब कुठेतरी फांदीवरून बर्फ घसरून पडलं.

“धरा की, माई. धरल्यावर सांगतो.”

...

“धरलं?”

...

“माई, धरलं का?”

कुणी बोलेना, म्हणून त्याने डोळे उघडले.

माईंनी त्याची पाचही बोटं मुठीत धरली होती. आवळून. इतकी आवळून की त्यांच्या पेरांवरचं रक्त गेलं होतं.



घरी त्याची मुलगी होती, रमा. नुकती पायावर उभी राहायला शिकलेली. तिला चालायचं असलं की ती येऊन बापाच्या पायांवर चढायची. आपली दोन इवलीशी पावलं त्याच्या पावलांवर ठेवायची, आणि तो तिचे हात धरून अंगणभर चालायचा. त्या तळव्यांचा ऊबदार, थोडासा चिकट भार. कधी गुळाचा, कधी मातीचा. आता त्याला तो आठवेना. त्याला दिसलं की रमा पायांवर उभी आहे आणि आपल्याला ते कळतच नाही. आपण पाऊल उचललं, आणि ती पडली.

“माई…”

त्याने ओंजळभर बर्फ उचललं आणि पायावर घासायला गेला. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं. माईंनी हातावर चापट मारली. बर्फ उडालं.

“एवढं थंड करून भागलं न्हाई व्हय?”

“मग शेगडी आणते,” गोदूमावशी उठल्या. “निखारं घालून…”

“भाजंल त्येला. अन् भाजलं तरी कळायचं न्हाई. लाकडाची गाडी आण.”

जळणाची लाकडं ओढून आणायला एक घसरगाडी होती. दोन वाकडी लाकडं आणि वर फळकुटं. गोदूमावशींनी ती आणली. दुसरा बूट माईंनी तिथंच काढला. तोही पाय तसाच. दोन्ही पाय शालीत गुंडाळले.

“मी चालतो, माई. कुटी इथंच तर आहे.”

“कशावर चालतोस?” माईंनी विचारलं.

तो गाडीवर बसला.

दोन म्हाताऱ्यांनी दोरी खांद्यावर घेतली. ज्याच्या टाचा बघायला पाहुणे यायचे तो माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून होता. वर आभाळ इतकं निळं होतं की त्याच्याकडे बघवेना. समोर खिंड स्पष्ट दिसत होती. उघडी. गोदूमावशी श्वास घेत घेत पुटपुटल्या, “येवढं वझं… लाकडं असती तर चुलीला तरी लागली असती.” पण दोरी ओढायची थांबल्या नाहीत.

कुटीत आल्यावर माईंनी त्याला चुलीपासून लांब, भिंतीकडे झोपवलं. घोंगडी घातली. मग त्या त्याच्या पायथ्याशी बसल्या आणि अंगातल्या जाड कोटाची बटणं काढायला लागल्या. आतली बंडी वर केली.

त्यांचं पोट उघडं पडलं. म्हातारं, सुरकुतलेलं, चुलीच्या उजेडात तांबूस.

माईंनी त्याचे दोन्ही पाय उचलले आणि पोटावर ठेवले.

“आई गं…” त्यांच्या तोंडून निघालं. डोळे गच्च मिटले. सगळं अंग एकदा थरथरलं.

अंकुश उठूनच बसला. “माई! नको, माई! पाय… तुम्हाला माझे पाय…”

त्याने पाय मागे ओढायला बघितले. पण पायांनी ऐकलं नाही. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. माईंनी वरून बंडी ओढली, कोट ओढला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरले.

रोज सकाळी ज्या पायांवर तो डोकं टेकवत होता, ते पाय आता त्याच्या पायांखाली मांडी घालून बसले होते.

“पाप लागेल मला, माई.”

“ठेव गप,” गोदूमावशी दारातून म्हणाल्या. “तुझं पाप तुझ्या पायाला लागंल. त्येला कळतंय काय?”



खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. ती जमिनीवरून सरकत होती. चुलीत लाकूड तडकलं. माईंचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. अंकुशला वाटलं, मंत्र. इतके दिवस कुणाला न सांगितलेला मंत्र. त्याने कान दिला.

“ये…” माई म्हणत होत्या. “ये बाळा… ये… वाट हाय… ये…”

अंकुशने गोदूमावशींकडे बघितलं.

गोदूमावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा हळू होता. “सुईण व्हती ती. तुला ठावं न्हाई? आमच्या सगळ्या पट्ट्यात हिच्याबिगर बाळंतपण नव्हतं. पावसापाण्याचं, इंचवाकाट्याचं, बोलावलं की ही निघाली.”

...

“आईच्या वरडण्याला ही कधी भ्याली न्हाई. पोर ट्यां ट्यां करत आलं की ही हसायची. पर एखादं पोर भाईर यायचं, निळं, अन् गप. मग हिचं तोंड बघायचं. आज तुझं बोलणं आयकून झालं तसंच. उलटं करायची, पाठ चोळायची, शेवटी लुगड्यात घालून पोटाशी धरून बसायची. तवाबी हेच म्हनायची.”

“मग?”

“मग काय. रडायची पोरं.”

“सगळी?”

गोदूमावशींनी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

“एक न्हाई रडलं,” त्या म्हणाल्या. “लई वाट बघितली हिनं. सूर्य उगवून वर आला तरी सोडंना. कुणाला उचलू देईना… त्याच्या म्होरल्या साली ही इकडं निघाली. मी म्हणलं, मीबी येते. एकटी काय करशील तिकडं.”

...

अंकुश आडवा झाला. वर छपराच्या फळ्या. मधल्या फटीतून बर्फाचा एक कण आत आला, चुलीच्या वाफेत विरघळला.

“माई,” तो म्हणाला. “परत येतील का?”

“मला काय ठावं.”

“तुम्ही म्हणालात तर येतील.”

“म्या म्हनलं म्हनून कुणी आलं न्हाई, न् कुणी राह्यलं न्हाई.” माईंनी डोळे उघडले नाहीत. “म्या जागा देते.”

उन्हाची पट्टी अंकुशच्या छातीवर आली. तिथून खांद्यावर.

“माई.”

“हूं.”

“मला खिंडीपलीकडे नाही नेलं तरी चालेल.”

...

“माझी पोर पायावर उभी राहते हो माझ्या. तेवढं कळलं तरी पुरे. दुखलं तरी चालेल. कितीही दुखू दे. फक्त कळू दे.”

माईंनी पाय किंचित वर सरकवले, पोटाच्या आणखी ऊबदार जागी.

पट्टी भिंतीवर चढली. अंकुशला मधे झोप लागल्यासारखं झालं. जाग आली तेव्हा माई तशाच. चेहरा राखेसारखा. त्यांच्या पोटातली ऊब सगळी खाली ओतली जात होती आणि त्या तशाच बसून होत्या. गोदूमावशी त्यांच्या पाठीशी पाठ लावून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूने ऊब देत. दोघींचे डोळे मिटलेले. गडावर, देवळात, कुठंच अंकुशने असलं काही बघितलं नव्हतं. त्याला हात जोडावेसे वाटले. पण हात घोंगडीत होते आणि जोडलेले हात बघायला कुणाला सवड नव्हती.

तेवढ्यात…

काहीतरी झालं. लांबून. कुणीतरी अंगणाच्या पलीकडून खडा मारावा तसं.

त्याने श्वास धरला.

पुन्हा एक. उजव्या पायात, कुठंतरी टोकाला. एक सुई. मग दोन सुया.

“माई…”

माईंनी डोळे उघडले.

सुयांचे निखारे झाले. निखारे पसरले, अंगठ्यातून बोटांत, बोटांतून चवड्यात. मग दोन्ही पाय एकदम, लाल मुंग्यांच्या वारुळात बुडवल्यासारखे. रक्त परत येत होतं आणि येताना दार फोडून येत होतं. तापलेला कातळ त्याला माहीत होता. काटे माहीत होते. एकदा कड्यावरून निसटून नडगी फुटली होती, तीही माहीत होती. हे असलं काही त्याला माहीत नव्हतं.

त्याने दात आवळले. घोंगडीचं टोक मुठीत धरलं. कपाळावर घाम आला. पण तोंडातून आवाज काढला नाही. वाडीतल्या माणसांनी लहानपणापासून शाबासकी दिली होती ती याचीच.

“ओठ सोड,” माई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. नाही.

“सोड, बाळा.”

तो हटून बसला होता. गळ्यातल्या शिरा वर आल्या होत्या.

माई पुढे वाकल्या. त्यांनी बंडीच्या आतून हात घालून त्याच्या दोन्ही पायांची बोटं हलकेच धरली. मघासारखी आवळून नाही. बाळाच्या मुठीत आपलं बोट द्यावं तशी.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “कुठलं बोट धरलंय म्या?”

आणि अंकुशला कळलं. उजव्या पायाचं मधलं. डाव्याची करंगळी. मग तिच्या शेजारचं. एकेक, एकेक, सगळी. कुठली आधी, कुठली मग, माईंच्या हाताचा तळवा कुठे खरखरीत आहे, उलटलेलं नख कुठे टोचतंय, तेसुद्धा.

त्याला ते सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द आला नाही.

“आऽऽई गंऽऽ!”

कुटी हादरली. छपराच्या कडेचं बर्फ धप्पकन दारात पडलं. देवदारावरचे कावळे उडाले. जुन्नरच्या गडांवर कधी न ओरडलेला माणूस भिंतीकडे तोंड करून, घोंगडी छातीशी धरून, मोठ्याने, लाज सोडून रडायला लागला. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि पाय माईंच्या पोटावर थरथरत होते, लाल होत होते.

गोदूमावशी ताडकन उठल्या.

माईंनी पाय तसेच धरून ठेवले. त्यांच्या राखेसारख्या चेहऱ्यावर चुलीचा उजेड पडला होता की आणखी कशाचा, ते सांगता येत नव्हतं. त्या हसत होत्या. किती वर्षांपूर्वीचं कुठलं दार, कुठला उंबरठा, बाहेर ताटकळत बसलेली कुठली माणसं त्यांना दिसत होती कुणास ठाऊक. त्यांनी मान दाराकडे वळवली, आणि बाहेरच्या त्या पांढऱ्या, रिकाम्या उताराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“रडलं गं बाई… रडलं!”